बट्टमबांगला निदान एक रात्र तरी राहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मध्यंतरी कंबोडियाच्या सहलीवर लेख आला होता, माझ्या मावसबहिणीने त्याचा फोटो काढून मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. लेख चांगला होता, अंगकोर वाट, ता प्रोमच्या भिंतींवर चढलेली झाडांची मुळं, बायोनचे चेहरे, सगळं नीट लिहिलं होतं. पण शेवटी जो कार्यक्रम दिला होता, अंगकोरजवळचं सिएम रीप दोन दिवस, राजधानी नॉम पेन्ह एक दिवस आणि मग पुढे व्हिएतनाम, तो वाचून राहवेना म्हणून हे पत्र. मी राहते ते शहर या सगळ्याच्या बाजूला पडलंय आणि आपल्याकडच्या एकाही टूरच्या कागदावर मला त्याचं नाव आजवर दिसलेलं नाही. बट्टमबांग.

माझे मिस्टर भाताच्या गिरण्यांच्या मशिनरीचं काम करतात आणि मी इथल्या एका छोट्या शाळेत गणित शिकवते. आम्ही कामासाठी आलो, हौसेने नाही, पण आता कॉन्ट्रॅक्ट संपलं तरी इथेच राहावं का असा विचार घरात सुरू आहे. त्यामुळे हे पत्र पर्यटक म्हणून नाही, इथे भाड्याच्या घरात राहून रोज बाजार करणारी बाई म्हणून लिहितेय.

नकाशात बघाल तर बट्टमबांग देशाच्या वायव्येला आहे, नॉम पेन्हपासून साधारण तीनशे किलोमीटर, सिएम रीपहून गाडीने तीन-चार तास. सांगके नावाची नदी मधून वाहते आणि पुढे तोनले साप तलावाला मिळते. २०१९च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत होती, म्हणजे देशातल्या मोठ्या शहरांत मोजतात खरं पण चालत निघालात तर पाऊण तासात बाहेर भातशेतात पोचाल. आणि भात म्हणजे किती भात, हे देशाचं कोठार आहे. कंबोडियाचा सुवासिक तांदूळ २०१२ पासून सलग तीन वर्षं जगातला उत्तम तांदूळ म्हणून निवडला गेला होता, हे इथल्या भाताच्या धंद्यातली माणसं अजून अभिमानाने सांगतात आणि सांगायलाच पाहिजे.

शहर म्हणून याचा इतिहासही वेगळा आहे. १७९५ पासून १९०७ पर्यंत हा भाग सयामच्या म्हणजे आताच्या थायलंडच्या ताब्यात होता, मग फ्रेंचांकडे आला, दुसऱ्या महायुद्धात १९४१ ते १९४६ पुन्हा थायलंडकडे. नंतर थायलंडचे पंतप्रधान झालेले खुआंग अफायवोंग यांचा १९०२चा जन्म याच गावातला, त्यांचे वडील इथले शेवटचे सयामी गव्हर्नर. त्यामुळे नदीकाठाने चालताना एकीकडे जुनी फ्रेंच दुकानघरं, खाली दुकान वर राहायला, पिवळ्या रंगाची, लाकडी झडपांची, मधोमध १९३०च्या दशकातलं घड्याळाचा मनोरा असलेलं नात मार्केट, आणि थोडं पलीकडे वाट कोर गावात शंभर वर्षं जुनी खांबांवरची लाकडी घरं, ज्यात त्याच कुटुंबांची माणसं अजून राहतात आणि तुम्ही गेलात तर चप्पल बाहेर काढून आत या म्हणतात. खांबही लाकडाचे, जमीनही लाकडाची, आणि वर्षानुवर्षं अनवाणी पायांनी चालून ती जमीन आरशासारखी चकाकते.

इथे राहणाऱ्या परदेशी लोकांबद्दल आधी सांगते, कारण भारतातून कुणी विचारलं की पहिला प्रश्न तोच असतो, तिथे परदेशी म्हणून राहणं कसं आहे. फ्रेंच आहेत, ऑस्ट्रेलियन आहेत, अमेरिकन आहेत, काही पेन्शनीतले, काही एनजीओत काम करणारे, काही चित्रकार, दोन-चार जणांनी छोटी हॉटेलं आणि कॉफीची दुकानं काढलीत. भारतीय अगदी थोडे, मराठी त्याहून कमी. जगणं शांत आहे, इतकं की रात्री नऊनंतर आमच्या रस्त्यावर फक्त कुत्री आणि एखादी मोटारसायकल. पहाट मात्र पाचच्या आधीच सुरू होते, नोम बान्ह चोक नावाच्या ताज्या तांदळाच्या शेवया आणि त्यावर माशाची, गवती चहा-हळदीची पातळ हिरवट आमटी विकणाऱ्या बायका खांद्यावर कावड घेऊन निघतात आणि सातपर्यंत त्यांचं बरंचसं संपलेलं असतं. दुपारी सगळं गाव झोपतं. एप्रिलमध्ये ऊन असं असतं की झोपण्यावाचून दुसरं काही सुचतच नाही.

अडचणी लपवणार नाही. तूरडाळ नॉम पेन्हहून मागवावी लागते, गोडा मसाला भारतातून येणाऱ्याकडून. शाकाहारी माणसाला सुरुवातीला फार त्रास होतो कारण मांस नको म्हटलं तर मांस काढतात पण माशाचं सॉस आणि प्राहोक, म्हणजे आंबवलेल्या माशाचा लगदा, तो जवळजवळ प्रत्येक भांड्यात असतोच, त्यात त्यांचा दोष नाही, त्यांच्या लेखी ते मीठच आहे. गंभीर आजार झाला तर नॉम पेन्ह गाठावं लागतं आणि अनेक परदेशी लोक मोठ्या उपचारांसाठी बँकॉकला जातात. भाषा शिकल्याशिवाय निभाव नाही, ख्मेर लिपी बघायला आपल्या दक्षिणेकडच्या लिप्यांच्या नात्यातली आहे पण वाचायला लागलं की कळतं किती मेहनत आहे ते. परदेशी माणसाला जमीन घेता येत नाही, संविधानातच बंदी आहे, २०१०च्या कायद्याने बहुमजली इमारतीतला फ्लॅट घेता येतो तोही तळमजल्यावरचा नाही. म्हणून कुणी एजंट तुम्हाला कंबोडियात स्वस्तात प्लॉट नावावर करून देतो म्हणाला तर त्याचा फोन बंद करा. राहायला येणाऱ्याने टुरिस्ट व्हिसावर न येता ऑर्डिनरी व्हिसावर यावं, तोच पुढे वर्षावर्षाने वाढवता येतो, आणि नोकरी करायची तर वर्क परमिट वेगळं लागतं.

यातच एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. कंबोडियात डेटा एंट्रीची, कॉल सेंटरची भरपूर पगाराची नोकरी आहे असं सांगून आपल्या मुलांना आणतात आणि सायबर फसवणुकीच्या धंद्यात कोंडतात, पासपोर्ट काढून घेतात, हे तुमच्याच पेपरात येऊन गेलंय. अशा सुमारे २५० भारतीयांची सुटका केल्याचं आपल्या परराष्ट्र खात्याने २०२४ मध्ये सांगितलं होतं. घरच्यांना हे सगळं वाचून आमची काळजी वाटते, आणि बातम्यांत हा देश म्हणजे एकतर देवळं नाहीतर फसवणुकीचे अड्डे एवढंच येतं. त्या दोन्हींच्या मध्ये जी साधी माणसं शेती करतात, शाळेत पोरं पाठवतात, त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहितेय.

कारण माणसांमुळेच आम्ही इथे टिकलो. पहिल्या वर्षी पितृपक्षात मला फार उदास वाटत होतं, घरी आईचं श्राद्ध आणि मी इथे. त्याच पंधरवड्यात यांचा प्चुम बेन असतो, पंधरा दिवस पूर्वजांचे, पहाटेच्या अंधारात लोक विहारात जातात, भाताचे गोळे करून विहाराभोवती फिरत फिरत ठेवतात, टाकतात, ज्यांचं कुणी उरलं नाही त्यांच्यासाठीसुद्धा. शेजारच्या आजींनी मला सोबत नेलं आणि काही न बोलता माझ्या हातात भाताचा गोळा दिला. या देशात १९७५ ते १९७९ मध्ये ख्मेर रूजच्या राजवटीत लाखो माणसं गेली ते सगळ्यांना माहिती आहे, आजींच्या वयाच्या प्रत्येकाच्या घरात अशी नावं आहेत ज्यांची समाधी कुठे आहे तेच ठाऊक नाही. त्या पहाटेनंतर मी या गावाकडे नोकरीचं गाव म्हणून बघणं सोडलं.

आता मुद्द्यावर येते, पर्यटनाच्या. बट्टमबांगला पर्यटक येतच नाहीत असं नाही. येतात, पण बरेचसे सिएम रीपहून सकाळी निघून दुपारी इथे पोचतात, बांबू ट्रेनमध्ये बसतात, एखादं देऊळ बघतात आणि संध्याकाळी परत, नाहीतर नॉम पेन्हला जाता जाता जेवायला थांबतात. आपल्या वाचकांना पटकन समजावं म्हणून सांगते, गोव्याला जाणारी गाडी सिंधुदुर्गातून जाते तसं हे आहे, सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला तरी कितीतरी गाड्या आजही चहापुरत्याच थांबतात. गाडी थांबते त्याने टपरीवाल्याचा चहा खपतो. रात्र राहिली तर खोली जाते, रात्रीचं जेवण होतं, सकाळचा नाश्ता होतो, टुकटुकवाल्याचा अख्खा दिवस भरतो, धोब्याला काम मिळतं. या गावाला गर्दी नकोय, त्याला मुक्काम हवाय. मला एवढंच म्हणायचं आहे, आणि बाकीचं सगळं त्यासाठीच लिहितेय.

बघा ना, इथलं जे खरं बघण्यासारखं आहे ते सगळं दिवसाच्या दोन टोकांना आहे. नॉम साम्पो नावाची चुनखडीची टेकडी आहे, गावापासून बारा किलोमीटरवर. तिच्या एका गुहेतून सूर्य मावळताना वटवाघळं बाहेर पडतात, लाखोंनी, काळी पट्टी आकाशात वळत वळत भाताच्या शेतांवर जाते आणि ती पट्टी अर्धा अर्धा तास तुटत नाही. ही वटवाघळं रात्रभर किडे खातात, त्यात भाताचे तुडतुडेही आले, म्हणजे शेतकऱ्याचं कीटकनाशक तेवढं वाचतं, त्यामुळे ती इथे नुसती तमाशा नाहीत, शेतीचा भाग आहेत. सिएम रीपला परत जायची घाई असलेला माणूस नेमका त्याच वेळी गाडीत बसलेला असतो.

त्यानंतरची वेळ सर्कशीची. फारे पोनलू सेल्पाक ही संस्था १९९४ मध्ये उभी राहिली, थायलंडच्या सीमेवरच्या साइट टू निर्वासित छावणीतून परत आलेल्या तरुणांनी काढली, छावणीत एका फ्रेंच चित्रकला शिक्षिकेने त्यांना चित्रं काढायला शिकवलं होतं आणि त्यातून पुढे हे सगळं. आज तिथे चित्रकला, संगीत, नाटक, सर्कस शिकवतात, गरीब घरची मुलं शिकतात, शाळाही आहे. प्राणी वगैरे काही नाही, फक्त माणसं, कसरत आणि गोष्ट, आणि ती गोष्ट बहुतेक वेळा त्यांच्या स्वतःच्या गावाची, घराची असते. सिएम रीपला यांचाच मोठा तंबू २०१३ पासून आहे आणि आपले लोक तिकडे तो खेळ बघतात, फार चांगलं आहे, पण ती मुलं घडतात इथे. इथला खेळ आठवड्यातून काही दिवस संध्याकाळीच असतो. ज्याची गाडी पाचला निघते त्याला तो कसा दिसणार.

आणि सकाळ तर सांगितलीच, शेवयांची आणि बाजाराची. २०२३ मध्ये युनेस्कोने बट्टमबांगला खाद्यसंस्कृतीचं सर्जनशील शहर म्हणून निवडलं, त्याच यादीत आपलं ग्वाल्हेर संगीतासाठी आणि कोझिकोड साहित्यासाठी आलं होतं, तेव्हा भारतातल्या पेपरांत त्या दोन नावांची बातमी झाली आणि तिसरं नाव कुणी वाचलं नसेल. हा मान हॉटेलांमुळे नाही मिळाला. रस्त्याकडेला बांबूच्या नळीत चिकट तांदूळ, नारळाचं दूध आणि चवळीसारखे दाणे भरून निखाऱ्यावर भाजतात, त्याला क्रोलान म्हणतात, तो सोलून खायचा. जवळच्या गावांत घरोघर तांदळाच्या पिठाचे पापडासारखे पातळ कागद वाफेवर काढून बांबूच्या जाळ्यांवर वाळत घालतात, केळ्याचे लांब काप उन्हात सुकवतात, प्राहोकच्या बाजारात तर नाकाला पदर लावूनच जावं लागतं पण बघावं जरूर, एका माशाच्या हंगामावर वर्षभराची आमटी कशी उभी राहते ते तिथे कळतं. हे सगळं सकाळी होतं. दहानंतर ऊन चढलं की जाळ्या आत जातात.

देवळांचं म्हणाल तर अंगकोर बघून आलेल्याला इथली देवळं लहान वाटतील, खरं आहे. पण ‘एक नॉम’ नावाच्या ठिकाणी, उत्तरेला दहा-बारा किलोमीटरवर, अकराव्या शतकातलं पहिल्या सूर्यवर्मनच्या काळचं पडकं देऊळ आहे आणि त्याच्या दारावरच्या पट्टीवर समुद्रमंथन कोरलंय, देव-दानव, वासुकी, सगळं ओळखता येतं. अंगकोर वाटला समुद्रमंथनाची लांबलचक भिंत गर्दीत धक्के खात बघायची आणि इथे तीच कथा आपण आणि दोन गाई एवढ्याच सोबतीने बघायची, मला तरी दुसरं जास्त आवडतं. दक्षिणेला बानन टेकडीवर साडेतीनशेच्या वर पायऱ्या चढून पाच शिखरांचं देऊळ आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी सकाळी लवकर जावं.

नॉम साम्पोच्याच टेकडीवर दुसऱ्या गुहा आहेत ज्यांत ख्मेर रूजने माणसांना वरच्या भोकातून ढकलून मारलं. तिथे अस्थी ठेवल्या आहेत, निजलेल्या बुद्धाची मूर्ती आहे. तिथे सेल्फी काढणारे लोक मी पाहिलेत, आपलेही पाहिलेत, आणि त्याचं मला फार वाईट वाटलं. टूरच्या गाईडने आधीच सांगायला हवं की इथे आवाज कमी, फोटो नाहीत, टोपी काढा. वटवाघळं बघायच्या आधी तासभर त्या गुहेत गेलात तर संध्याकाळ वेगळी जाते, मग तुम्ही गावात परत येऊन जेवताना शेजारच्या टेबलवरच्या म्हाताऱ्या माणसाकडे वेगळ्या नजरेने बघता.

प्रेक तोल नावाचं पक्ष्यांचं राखीव जंगल तोनले साप तलावाच्या कडेला आहे. ते बट्टमबांग प्रांतातच येतं, पण सगळे तिथे सिएम रीपहून जातात आणि सिएम रीपचं म्हणूनच ओळखतात. पावसाळ्यात मेकाँगचं पाणी उलटं तलावात शिरतं आणि तलाव कितीतरी पटींनी पसरतो, मग पाणी ओसरायला लागलं की डिसेंबरपासून पेलिकन, चित्रबलाक, कितीतरी जातींचे मोठे पक्षी बुडालेल्या झाडांच्या शेंड्यांवर घरटी करतात. भिगवणला दुर्बीण घेऊन पहाटे बसणारे आपले पक्षीमित्र इतके आहेत, त्यांच्यापैकी कुणी इकडे आलेलं मला तरी भेटलं नाही. सिएम रीप ते बट्टमबांग नदीतून बोटही चालते, पाणी भरपूर असलं तर दिवसभराचा सुंदर प्रवास, तरंगती गावं, पोहत शाळेत जाता येईल इतकी पाण्याजवळची घरं, पण फेब्रुवारीनंतर पाणी उतरलं की बोट रखडते, तेव्हा त्या महिन्यांत बसनेच या.

बांबू ट्रेनबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण पर्यटन गावाला काय देतं आणि काय नेतं ते त्यात दिसतं. युद्धानंतर रेल्वे जवळजवळ बंदच होती तेव्हा गावकऱ्यांनी बांबूचा तराफा, खाली दोन आस, वर पंपाचं छोटं इंजिन अशी नॉरी बनवली आणि रिकाम्या रुळांवरून भात, लाकूड, माणसं, कोंबड्या नेऊ लागले. समोरून दुसरी आली तर कमी सामान असलेलीने रूळावरून उतरायचं, सगळे मिळून ती दोन मिनिटांत सुटी करून बाजूला ठेवायचे, पुन्हा जोडायचे. मग परदेशी लोकांना ती आवडली आणि हळूहळू तिच्यात भात जायचा थांबला, फक्त पर्यटक. २०१७ मध्ये रेल्वे दुरुस्तीसाठी जुनी जागा बंद झाली, नंतर बाननजवळ खास पर्यटकांसाठी वेगळा ट्रॅक टाकला. काही लोक म्हणतात आता ती खोटी झाली. मी तसं म्हणणार नाही, चालवणाऱ्यांची घरं त्यावर चालतात. पण गावातल्या खऱ्या गोष्टी जशा आहेत तशा बघायला मिळत असताना पर्यटकाला फक्त ही एक गोष्ट दाखवून परत पाठवणं मला पटत नाही.

आमच्यातल्या काही परदेशी मित्रांचं म्हणणं असं की गाव आहे तसंच राहू दे, पर्यटक आले की भाडी वाढतील, शांतता जाईल. मी त्यांच्याशी भांडते. आपण येऊन राहिलो ते चाललं आणि दुसऱ्याने दोन दिवस येऊ नये हे कसं चालेल, आणि शांतता आपल्याला हवी म्हणून शेजारच्या मुलाने कामासाठी थायलंडला जात राहायचं का. या प्रांतातून किती तरुण पोरं थायलंडच्या बांधकामांवर आणि शेतमळ्यांवर जायची ते इथल्या शाळेत कळतं, वर्गातल्या कितीतरी मुलांना आजी-आजोबाच सांभाळतात. त्यांच्या आईबापांना गावात काम मिळालं तर मला रस्त्यावर थोडा आवाज चालेल.

मात्र त्या मित्रांची भीती अगदीच खोटी नाही. सिहानूकव्हिल हे समुद्रकाठचं गाव २०१७ नंतर दोन वर्षांत कॅसिनो आणि ऑनलाइन जुगाराच्या पैशाने असं फुगलं की जुने लोक भाडं न परवडून निघून गेले, २०१९ मध्ये बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून २८ माणसं गेली, त्याच वर्षी सरकारने ऑनलाइन जुगारावर बंदी आणली आणि मग पैसेवाले गेले, अर्धवट इमारतींचे सांगाडे राहिले. बट्टमबांगचं तसं होऊ नये असं वाटत असेल तर त्याला लहान लहान आधार लागतात, आठ-दहा खोल्यांची गेस्ट हाऊस, जुन्या दुकानघरांची दुरुस्ती करून केलेल्या खानावळी, होमस्टे, सायकलवरून गावं दाखवणारी कॉलेजची मुलं. या गोष्टी इथे आधीच आहेत, मोठ्या गुंतवणुकीची वाट बघायची गरज नाही, फक्त त्यांच्या खोल्या भरायला हव्यात.

आणि सध्या त्या फार रिकाम्या आहेत. २०२५च्या जून महिन्यात थायलंडच्या सीमेवरचे रस्ते बंद झाले, जुलैत पाच दिवस लढाई झाली, डिसेंबरमध्ये पुन्हा भडका उडाला. बँकॉकहून सीमेवरच्या पोईपेटमार्गे पाठीवर बॅग टाकून येणारी तरुण मंडळी हा या गावाचा मोठा आधार होता, तो एकदम तुटला. थायलंडमध्ये कामाला असलेले लोक लाखोंनी परत आले, म्हणजे घरी खाणारी तोंडं वाढली आणि कमाई आटली. मी कुणाला धाडस करा म्हणत नाही, सीमेकडच्या भागात जाऊ नका, निघण्यापूर्वी भारत सरकारच्या सूचना वाचा, परिस्थिती बघूनच तिकीट काढा. पण सीमा गावापासून लांब आहे आणि शांत काळात सिएम रीपपर्यंत येणारा माणूस तीन तास पुढे येऊ शकतो, एवढं लक्षात असू द्या.

आपल्या टूर कंपन्यांना माझी विनंती आहे की कंबोडियाच्या पॅकेजमध्ये एक रात्र वाढवा. दुपारी पोचा, ऊन उतरल्यावर साम्पो, वटवाघळं, मग सर्कस, सकाळी बाजार आणि वाट कोरची घरं, एक नॉम, जेवून परत. शाकाहारी लोकांचं जेवण आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर इथल्या बायका माशाचं सॉस न घालता फार सुंदर भाज्या करतात, टोफू, वॉटर स्पिनच, कोवळी कमळाची देठं, लेमनग्रास घालून, फक्त तीस जणांनी अचानक येऊन जैन जेवण मागू नये. पन्नास माणसांची बसही आणू नका, रस्ते आणि घरं तेवढ्यासाठी बनलेली नाहीत, वाट कोरच्या लाकडी घरात एका वेळी दहा माणसं पुष्कळ झाली. डॉलर इथे चालतात पण फाटकी, शाई लागलेली नोट कुणी घेत नाही, सुट्टे पैसे रिएलमध्ये मिळतात, साधारण चार हजार रिएलचा एक डॉलर धरा आणि टुकटुकवाल्याशी पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका.

यायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं. पण पावसाची ज्यांना आवड आहे त्यांनी ऑगस्ट-सप्टेंबरलाही यायला हरकत नाही, भात उभा असतो, ताडाची झाडं त्यातून वर आलेली, पाऊस दुपारी तासभर पडून जातो आणि हॉटेलचे दर खाली आलेले असतात. नॉम पेन्हहून बस दिवसभर आहेत, ट्रेन २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाली पण हळू आहे आणि वेळा बदलत असतात, आधी चौकशी करून घ्या.

पुरवणीत पुढच्या वेळी कंबोडिया घ्याल तेव्हा बट्टमबांगसाठी एखादा चौकोन तरी राखून ठेवा ही विनंती. फोटो, नकाशा, कुठल्या दिवशी सर्कस असते, कुठली घरं बघता येतात, ही सगळी माहिती मी आणि माझ्या शाळेतल्या ख्मेर मैत्रिणी मिळून लिहून पाठवू, त्याचं मानधन वगैरे काही नको.

आपली नियमित वाचक,
बट्टमबांग, कंबोडिया